बाळंतविडा : महाराष्ट्रातील एका घरगुती भेटीचा सामाजिक इतिहास

प्रस्तावना

मराठी कुटुंबात मूल जन्मास आले की आप्तेष्ट स्त्रिया बाळंतिणीच्या भेटीस बाळंतविडा घेऊन जातात. दुपटी, झबली, अंगडे-टोपडे, लंगोट, कुंची. बाळंतिणीसाठी लुगडे आणि खण. शिवाय डिंकाचे वा अळिवाचे लाडू, खारीक, खोबरे, ओवा, बाळंतशेपा असे या भेटीचे स्थूल स्वरूप सांगता येईल. त्यात प्रत्यक्ष विड्याचे पान असतेच असे नाही. विडा देणे हे आपल्याकडे मानाचे, संबंध मान्य केल्याचे चिन्ह असल्यामुळे तो शब्द या भेटीला चिकटला असावा.

विवाहप्रसंगीच्या देण्याघेण्याविषयी समाजशास्त्रज्ञांनी आणि इतिहासकारांनी पुष्कळ लिहिले आहे. हुंडा, आहेर, मानपान हे विषय कायदा, संपत्ती आणि समाजसुधारणा यांच्याशी निगडित असल्याने ते स्वाभाविकही आहे. बाळंतविड्याच्या वाट्याला मात्र हा मान आलेला नाही. तो ‘बायकांचा विषय’ म्हणून माजघरातच राहिला. प्रस्तुत निबंधात असे मांडावयाचे आहे की बाळंतविड्यात काय दिले जाई यापेक्षा ते कधी दिले जाई आणि कशापासून बनविले जाई, या दोन प्रश्नांची उत्तरे इतिहासाच्या दृष्टीने अधिक बोलकी आहेत. आणि ती दोन्ही अर्भकमृत्यूच्या अनुभवाकडे घेऊन जातात.

साधनांची अडचण

या विषयाचा अभ्यास करताना पहिली अडचण साधनांची येते. दागिने तिजोरीत राहतात, जमिनीची दाने ताम्रपटांत आणि दप्तरांत राहतात. दुपटे मात्र वापरून विरते, मग त्याचे फडके होते आणि शेवटी चूल पुसण्याच्या कामी येते. ज्या हातांनी ते शिवले त्या हातांना बहुधा लिहिता येत नव्हते, आणि ज्यांना लिहिता येत होते त्यांना ते नोंदविण्याजोगे वाटले नाही. त्यामुळे वस्तूही नाही आणि नोंदही नाही, अशी दुहेरी पोकळी आपल्यापुढे उभी राहते.

तरीही काही मार्ग मोकळे आहेत. जात्यावरच्या ओव्या हे त्यांपैकी सर्वांत समृद्ध साधन होय. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये केलेले संकलन आणि पुढे गी पॉइतवँ व हेमा राईरकर यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जमविलेल्या एक लाखाहून अधिक ओव्या पाहिल्या, तर मामाने आणलेले अंगडे-टोपडे, तान्ह्याची कुंची, भावाच्या घरून आलेले लुगडे हे विषय त्यांत वारंवार येतात. ओवी गाणारी स्त्री वस्तूपेक्षा वस्तू आणणाऱ्याचे नाते अधिक सांगते, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. दुसरे साधन वैद्यकीय ग्रंथांचे, तिसरे जन्ममृत्यूच्या नोंदींचे. आणि चौथे, घरोघरी ट्रंकांच्या तळाशी चुकून राहून गेलेल्या वस्तूंचे.

अशी एक कुंची मला माझ्या आजोळी पाहावयास मिळाली. तिची बाहेरची बाजू खणाची आहे, डोक्याच्या कडेला जरीची बारीक पट्टी आहे. आतले अस्तर मात्र मांजरपाटाचे असून त्यावर गिरणीचा पुसट शिक्का अद्याप दिसतो. खण नवा असताना वापरला गेला, कारण त्याची घडी कोठेही विरलेली नाही. अस्तर मात्र आधी कशासाठी तरी वापरून मऊ झालेले आहे. बाळाच्या अंगाला जे लागणार ते जुने आणि लोकांच्या दृष्टीस जे पडणार ते नवे, असा हा हिशेब आहे. या एका वस्तूवरून सर्वसाधारण विधान करणे धाडसाचे ठरेल. पण पुढील विवेचनाची दिशा मला तिनेच दाखविली, हे नमूद करावयास हवे.

जुनेराचे शहाणपण

नवजात बालकाला पहिले काही दिवस नवे कापड घालू नये, जुनेरात गुंडाळावे, असा संकेत महाराष्ट्रात सर्वत्र आढळतो. नऊवारी लुगडे वर्षानुवर्षे धुऊन मऊ झाले की त्याची दुपटी, लंगोट होत. उरलेल्याची गोधडी अथवा वाकळ होई. धोतराच्या पानांचेही तेच. जुन्या कापडाचे दोन-तीन पदर एकावर एक ठेवून साध्या धावदोऱ्याने ते जोडले की बाळाचे दुपटे तयार होते. आजीच्या लुगड्याचे दुपटे हे आशीर्वादासारखे मानले जाई. हा संकेत केवळ मराठी नाही. बंगालमधील कांथा आणि बिहारमधील सुजनी यांचाही उगम जुन्या साड्यांचे थर शिवून केलेल्या पांघरुणांत आहे, आणि सुजनीचा नवजात बालकाशी असलेला संबंध तर प्रसिद्धच आहे.

या रीतीचे स्पष्टीकरण सामान्यतः काटकसर म्हणून दिले जाते. काटकसर होतीच, पण तेवढ्याने भागत नाही, कारण सधन घरांतही हाच संकेत पाळला जाई. बालकाच्या त्वचेला खळ असलेले नवे कापड टोचते हे कोणतीही आई सांगेल. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात बालकाचे अंथरूण-पांघरूण मृदू, हलके, स्वच्छ आणि सुगंधी असावे असे म्हटले आहे. घामाने, मळाने, जीवजंतूंनी वा मलमूत्राने दूषित झालेली वस्त्रे टाकून द्यावीत. दुसरी मिळणे शक्य नसेल तर तीच नीट धुऊन, धुरी देऊन, वाळवून वापरावीत, अशी पुस्तीही त्या ग्रंथकाराने जोडली आहे. या पुस्तीतील व्यवहारज्ञान मला फार मोलाचे वाटते. सर्वांना नवी वस्त्रे परवडणार नाहीत हे शास्त्रकाराने गृहीत धरलेले आहे. त्याच अध्यायात खेळण्यांविषयी जे नियम आहेत तेही पाहण्याजोगे आहेत: खेळणी रंगीबेरंगी, आवाज करणारी आणि मनोरम असावीत, जड, अणकुचीदार, तोंडात जाऊ शकणारी, जीवाला धोका करणारी वा भीती वाटेल अशी नसावीत. आज खेळण्यांच्या खोक्यांवर छापल्या जाणाऱ्या सूचना यापेक्षा फार निराळ्या नसतात.

अर्थात, परंपरेतील प्रत्येक गोष्ट शहाणपणाची होती असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. विड्याबरोबर बाळगुटीची पुडी येई. वेखंड, हळकुंड, जायफळ, मुरडशेंग, बाळहिरडा सहाणेवर उगाळून अर्भकाला चाटविले जाई. पहिले सहा महिने केवळ स्तनपान द्यावे अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली केली आणि बालरोगतज्ज्ञ आज गुटीला व काजळाला विरोध करतात, तो रास्तच आहे. जुनेर आणि गुटी एकाच ताटातून येत होती. इतिहासाच्या अभ्यासकाने त्यातले एक उचलून दुसरे झाकून ठेवू नये.

देण्याची वेळ

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. बाळंतविड्याची तयारी उघडपणे प्रसूतीपूर्वी करीत नसत. पाळणा आधी विकत आणू नये, बाळाचे कपडे आधी शिवून ठेवू नयेत, असा दंडक अनेक घरांत आजही ऐकू येतो. डोहाळजेवणात कौतुक व्हायचे ते गर्भवतीचे. तिला फुलांची वाडी भरत, तिच्या आवडीचे पदार्थ करीत. येणाऱ्या बाळासाठी वस्तू मात्र त्या वेळी येत नसत. जन्मानंतर पाचवी, मग सहावीला सटवाईचे पूजन, दहा दिवसांचे सोयर आणि बाराव्या दिवशी बारसे, अशी ही क्रमवारी आहे. नवी वस्त्रे, वाळे, मनगट्या, कुंची हे सर्व बारशाला बाळाच्या अंगावर चढे. तोवर बाळाला नाव नसे आणि त्याच्या मालकीचे म्हणावे असे एकही वस्त्र नसे.

या बारा दिवसांच्या वाट पाहण्याचा अर्थ काय? धार्मिक स्पष्टीकरण सोयराचे दिले जाते. सोयराच्या काळातील कपडे विटाळाचे ठरत. ते परटिणीकडे अथवा सुइणीकडे जात. त्यामुळे त्या काळात नवे वस्त्र देणे म्हणजे ते गमावणे होते. हे खरे आहे. परंतु दुसरे एक कारण मृत्यूच्या वेळापत्रकात आहे. नाळ कापण्यासाठी विळा वा तत्सम हत्यार वापरले जाई, नाळेवर राख किंवा शेण लावले जाई, आणि त्यातून होणारा नवजात धनुर्वात बहुधा जन्मानंतर तिसऱ्या ते चौदाव्या दिवसांच्या दरम्यान, विशेषतः पहिला आठवडा संपताना प्रकट होतो. पाचवी-सहावीच्या रात्री बाळाजवळ जागत बसण्याची रीत, सहावीला सटवाई बाळाचे भविष्य लिहिते ही श्रद्धा, तिच्यासाठी ठेवलेला कोरा कागद व लेखणी, यांकडे या माहितीच्या प्रकाशात पाहिले म्हणजे त्यामागची भीती किती नेमकी होती हे कळते. अनेक घरांत पाचवीला पाटा-वरवंट्याबरोबर विळ्याचीही पूजा होत असे. ज्या हत्याराने नाळ कापली गेली त्याचीच ही पूजा असावी काय, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

धनुर्वातामुळेच हे विधी निर्माण झाले, असे माझे म्हणणे नाही. तसे सिद्ध करता येणार नाही. षष्ठीपूजनाची परंपरा फार प्राचीन आहे आणि तिला स्वतंत्र धार्मिक इतिहास आहे. माझे विधान मर्यादित आहे: ज्या समाजात बाराव्या दिवसाची खात्री नव्हती, त्या समाजाने बाळाला द्यावयाची भेट बाराव्या दिवसापर्यंत रोखून धरली.

येथे चरकसंहितेतीलच एका उल्लेखाचा विचार करणे आवश्यक आहे, कारण तो वरकरणी या विधानाच्या विरुद्ध जातो. सूतिकागारात सुहृद स्त्रियांनी दहा किंवा बारा दिवस जागरण करावे आणि त्या काळात दान, मंगल, आशीर्वाद, स्तुती, गीत, वादन अखंड चालू ठेवावे, असे तेथे सांगितले आहे. म्हणजे दान पहिल्या दिवसापासूनच आहे. परंतु संदर्भ रक्षाविधानाचा असल्यामुळे हे दान बालकाच्या रक्षणासाठी केलेले दिसते. ती बालकाला दिलेली भेट नव्हे. जे धोक्याच्या काळात दुसऱ्यांना दिले जाते आणि जे धोका टळल्यावर बाळाला दिले जाते, या दोहोंत भेद केला पाहिजे. ही बारा दिवसांची मर्यादा दोन्हीकडे समान आहे, हे मात्र विशेष.

भीती निराधार नव्हती, हे दाखविण्यासाठी फार मागे जाण्याचे कारण नाही. १९२१ साली मुंबई शहरात नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे सहाशेहून अधिक अर्भकमृत्यू नोंदले गेले. प्रसूतीसाठी स्त्रिया गावी जात, अनेक जन्म नोंदले जात नसत, त्यामुळे हा आकडा फुगलेला आहे हे मान्य करावे लागेल. तरीही चाळींतील एकेका खोलीत काय घडत होते याची कल्पना त्यावरून येते. आनंदीबाई जोशी यांचे पहिले मूल जन्मानंतर दहाव्या दिवशी गेले. तेव्हा त्या अवघ्या चौदा वर्षांच्या होत्या. मूल बारशापर्यंतही पोहोचले नाही. पुढे फिलाडेल्फियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयात १८८६ साली पदवी घेताना त्यांनी प्रबंधासाठी विषय निवडला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. त्यांच्या वैद्यक शिकण्याच्या निश्चयाचा या मृत्यूशी संबंध चरित्रकारांनी जोडलेला आहेच. प्रबंधाच्या विषयाकडेही त्याच दृष्टीने पाहावे असे वाटते.

विड्याबाहेरच्या स्त्रिया

बाळंतविडा नात्यांना मान्यता देत असे, हे म्हणताना तो कोणाला वगळीत होता हेही पाहिले पाहिजे. घरातील सोवळी विधवा रात्ररात्र बाळंतिणीची सेवा करी, शेगडीत कोळसे घाली, दुपट्यांना टाके घाली. परंतु बारशाच्या दिवशी ओटी भरण्यास अथवा बाळाला पाळण्यात घालण्यास ती पुढे येऊ शकत नसे. तिचे टाके बाळाच्या अंगाला चालत, तिचा हात मात्र अशुभ. सुइणीची स्थिती याहून वेगळी नव्हती. बहुधा खालच्या मानलेल्या जातीतील ही स्त्री प्रसूतीच्या वेळी सर्वांत जवळ असे. तिला मिळे ते बाळंतिणीचे विटाळलेले लुगडे, थोडे धान्य, नारळ, खण. सोयरातील वस्त्रे तिच्या घरी जात आणि तिथल्या तान्ह्या मुलांची दुपटी त्यांतूनच होत असतील. भेटीचा हा उलटा प्रवाह आपल्या वर्णनांतून सहसा निसटतो.

आणि जिच्या मुलाला विडा येणे शक्यच नव्हते तिचे काय? जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्याप्रतिबंधक गृह सुरू केले. १८८४ मधील आपल्या टिपणात तेथे आलेल्या गर्भवती विधवांची संख्या जोतीरावांनी ३५ अशी दिली आहे. त्यांपैकी काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत यास फुले दांपत्याने १८७४ साली दत्तक घेतले. प्रार्थना समाजाशी निगडित पंढरपूरचा अनाथ बालकाश्रम १८७५ सालचा. या ठिकाणी जन्मलेल्या अथवा पोहोचलेल्या मुलांसाठी मामाकडचे अंगडे-टोपडे नव्हते, आजीचे जुनेर नव्हते. सावित्रीबाईंनी त्यांची बाळंतपणे केली हे आपण सांगतो. त्या बाळांना पहिल्या दिवशी कशात गुंडाळले, ते कापड कोणी दिले, हा प्रश्न आपण विचारलेला नाही. माझ्या मते एकोणिसाव्या शतकातील समाजसुधारणेच्या इतिहासात तो विचारला जावयास हवा.

मुलगा झाल्यास पेढे आणि मुलगी झाल्यास बर्फी, हा भेदही याच हिशेबात मोडतो. बाराव्या दिवसापर्यंत जगलेल्या प्रत्येक जीवाचे स्वागत सारखे होत नव्हते.

गिरणी, शाळा, रुग्णालय

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बाळंतविड्याचे द्रव्य बदलू लागले. मुंबईत १८५४ साली स्थापन झालेल्या पहिल्या कापड गिरणीनंतर गिरण्यांचे पेव फुटले आणि मांजरपाट, मलमल स्वस्त झाली. शिवणयंत्र आले, तसे हातशिलाईचे झबले मागे पडू लागले. मिशनच्या आणि पुढे सुधारकांच्या मुलींच्या शाळांत शिवण-विणकाम हा विषय होता. त्यातून लोकरीची टोपडी, मोजे, क्रोशाच्या कडा घराघरांत शिरल्या. दख्खनच्या उष्ण हवेत लोकरीच्या मोज्यांची गरज किती होती, हा प्रश्नच आहे. पण शिकलेल्या मुलीने शिकल्याची खूण भेटीत दाखवावी हे समजण्याजोगे आहे. विड्यात प्रथमच करणारीचे ‘शिक्षण’ दिसू लागले. आजीचा धावदोरा यापुढे गावंढळ ठरला.

याहून मोठा बदल प्रसूतीच्या जागेत झाला. १८८५ मध्ये लेडी डफरिन निधी उभा राहिला, १८८६ मध्ये मुंबईत कामा रुग्णालय सुरू झाले. सुरुवातीला रुग्णालयात बाळंत होणे कमीपणाचे मानले जाई आणि सर्वसामान्य घरांत हा बदल पोहोचण्यास शतक लागले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात संस्थेत होणाऱ्या प्रसूतींचे प्रमाण २००५-०६ मध्ये सुमारे ६५ टक्के होते. २०१५-१६ मध्ये ते ९० टक्क्यांवर आणि २०१९-२१ मध्ये जवळजवळ ९५ टक्क्यांवर गेले. माता व नवजात यांच्या धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे २०१५ साली प्रमाणित झाले. राज्याचा अर्भकमृत्यू दर २०२० मध्ये हजारी १६ इतका खाली आलेला होता.

बाळंतविड्याच्या वेळेवर या आकड्यांचा परिणाम स्पष्ट दिसतो. भेटी आता रुग्णालयातच, पहिल्या-दुसऱ्या दिवशी येतात. शहरांत तर जन्मापूर्वीच बाळासाठी वस्तू देण्याचे समारंभ होऊ लागले आहेत. ज्येष्ठ स्त्रिया त्यावर नाराज होतात आणि ‘आधी आणू नये गं’ असे म्हणतात. हे पाश्चात्त्यांचे अनुकरण आहे अशी टीका आपल्या वर्तुळातही ऐकू येते. मला ती अपुरी वाटते. बाळ जगणार हे गृहीत धरता येऊ लागले, म्हणूनच आधी भेट देण्याचे धाडस होते. पूर्वी ते कोणाला परवडणारे नव्हते.

भेट देणारेही बदलले. महाराष्ट्र शासनाने २०१९ साली शासकीय आरोग्यसंस्थांत पहिल्यांदा बाळंत होणाऱ्या मातांसाठी ‘बेबी केअर किट’ देण्याची योजना सुरू केली. बाळाचे कपडे, टॉवेल, मच्छरदाणी, तापमापक, तेल अशा वस्तू त्यात समाविष्ट होत्या. तामिळनाडूत २०१५ मध्ये आणि तेलंगणात २०१७ मध्ये अशा योजना आल्या होत्या. फिनलंडमध्ये तर १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून मातांना असा संच दिला जातो आणि पुढे त्यासाठी गरोदरपणात वेळेवर तपासणी करून घेण्याची अट घातली गेली. आपल्याकडील संचामागेही रुग्णालयातील प्रसूती वाढावी हाच विचार होता. जी स्त्री पूर्वी सुइणीच्या रांगेत उभी होती तिच्या मुलालाही यातून नवे, कोणाच्याही विटाळाचे नसलेले झबले मिळू शकले, ही बाब लहान नव्हे.

शासकीय संचातील वस्तूंची यादी शासननिर्णयासोबत दप्तरात राहील. घरी शिवलेल्या विड्याची यादी अशी कोठेही राहणार नाही. आपल्या महाविद्यालयांत इतिहास, मराठी आणि गृहविज्ञान या विभागांनी मिळून विद्यार्थिनींच्या घरांतील कुंच्या, दुपटी, झबली यांची छायाचित्रांसह नोंद करण्यास प्रारंभ केला, तर पुढील दहा वर्षांत उपयुक्त संग्रह उभा राहू शकेल. नोंदीत वस्तू कोणी शिवली, कापड आधी कोणाचे व कशाचे होते, जन्मानंतर कितव्या दिवशी ती दिली गेली, आणि ज्या मुलासाठी ती शिवली ते मूल तिने पांघरले का, एवढे प्रश्न तरी असावेत. माझ्या आजोळच्या कुंचीविषयी शेवटचा प्रश्न मी घरात विचारला. ती इतकी नवी कशी राहिली, याचे उत्तर तेव्हा मिळाले. ती ज्या मुलीसाठी शिवली होती तिचे बारसे झालेच नाही.